कामगार नुकसानभरपाई

कामाच्या ओघात घडलेल्या अपघातामुळे किंवा कामाच्या स्वरूपामुळे जडलेल्या व्यवसायजन्य रोगामुळे कामगारास इजा, अपंगत्व वा मृत्यू आल्यास, त्यास अथवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांस मालकाने कायद्यानुसार द्यावयाच्या रकमेस ‘कामगार नुकसानभरपाई’ असे म्हणतात. ही रक्कम म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. तसेच ती मालकाला झालेली शिक्षाही नव्हे. यंत्रोद्योगात अपघात अटळपणे होतच राहतात, तेव्हा त्यांचा भार एकट्या कामगाराच्या कुटुंबावर न पडता तो उत्पादनखर्चाचाच एक भाग मानला जावा, हे तिच्या मुळाशी असलेले तत्त्व होय. म्हणूनच दोष कोणाचा हा प्रश्न या कायद्यात गौण ठरतो. अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडला की नाही, एवढाच प्रश्न मुख्य असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये जखमी कामगारास मालकाविरुद्ध दाद मागावयाची झाल्यास मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. सहकारी कामगाराच्या चुकीमुळे अपघात झाला असल्यास, कामगाराचा स्वतःचा काही हलगर्जीपणा असल्यास किंवा कामातील धोका माहीत असूनही त्याने ते काम पतकरले असल्यास मालक जबाबदारीतून सुटे. यांपैकी सहकारी कामगाराच्या चुकीचे तत्त्व १८३७ च्या एका खटल्यापासून रूढ झाले. या बचावांमुळे फारच थोड्या कामगारांना न्याय मिळे. जर्मनीने १८८४ मध्ये सक्तीच्या अपघात विम्याचा कायदा करून या प्रश्नाला वेगळे वळण दिले. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने मालकांच्या बचावांना काहीशी मर्यादा घातली व १८९७ च्या कायद्याने दोष सिद्ध न करता भरपाई देण्याचे तत्त्व काही धोक्याच्या उद्योगांपुरते मान्य केले.

भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमान्वये मृताच्या वारसांना दावा लावता येत असे. परंतु तोही दुसऱ्याचे चुकीचे कृत्य सिद्ध झाल्यासच. शिवाय दिवाणी न्यायालयाचा खर्च व विलंब गिरणी कामगाराच्या कुटुंबास झेपणारा नव्हता. १८८१ च्या कारखाने अधिनियमाने धोकादायक यंत्रांभोवती कठडे वा आवरणे असावीत असा दंडक घातला; मात्र आवरण नसल्यामुळे ज्याचा हात गेला, त्याने पुढे खावे काय, याविषयी तो कायदा मूक होता.

परळची मागणी : मुंबईत ताडदेव येथे १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा भाग गिरण्यांनी व त्यांच्या चाळींनी भरून गेला. एका मोठ्या वाफेच्या यंत्रावरून लांबलचक दांड्यांच्या व चामड्याच्या पट्ट्यांच्या साहाय्याने सर्व खात्यांना गती दिली जाई. चालत्या पट्ट्यात धोतराचा सोगा वा पदर अडकणे, पिंजणयंत्र साफ करताना बोटे सापडणे, साच्यावरून उसळलेला धोटा डोळ्यास लागणे हे अपघात या उद्योगाच्या रचनेतच होते. दिवसाचे बारा-तेरा तास उभ्याने काम केल्यावर येणारा शीण हेही त्यांचे एक कारण होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यासाठी तेथे जे निवेदन संमत झाले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मागील महिन्याचा पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती. कामावर असताना गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती. अल्पकालीन आणि कायमचे अपंगत्व यांत पुढे कायद्याने जो भेद केला, तो या मागणीत स्पष्टपणे आढळतो. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. भरपाईच्या मागणीस कायद्याचे रूप येण्यास मात्र चाळीस वर्षे लागली.

१९२३ चा अधिनियम : पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची स्थापना झाली, भारतात १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस अस्तित्वात आली आणि मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक ना. म. जोशी यांच्या रूपाने मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांना प्रतिनिधी मिळाला. या पार्श्वभूमीवर मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई अधिनियम संमत होऊन तो १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. सामाजिक सुरक्षिततेचा भारतातील हा पहिला महत्त्वाचा कायदा होय. मुंबईतील गिरणीमालकांनी या नव्या जबाबदारीसाठी आपसांत परस्पर विम्याची व्यवस्था उभी केली. भार उद्योगाने उचलावा व तो सर्व मालकांत विभागला जावा, हे कायद्याचे तत्त्व त्यामुळे प्रत्यक्षात आले.

मूळ कायद्यातील रकमा अल्प होत्या. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रु. यांपैकी जी कमी असेल ती रक्कम, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रु. यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळे. अपंगत्वाच्या पहिल्या दहा दिवसांबद्दल काहीच मिळत नसे. रॉयल कामगार आयोगाच्या (१९२९–३१) शिफारशींनंतर १९३३ मध्ये कायद्यात व्यापक सुधारणा झाली व ही मुदत सात दिवसांवर आली. १९५९ मध्ये ती तीन दिवसांवर आणण्यात आली. १९८४ च्या दुरुस्तीने वेतनाची पात्रतामर्यादा काढून टाकली आणि भरपाई कामगाराच्या वयाशी निगडित केली. १९९५ व २००० मध्ये रकमांत वाढ झाली. २००० मध्येच नैमित्तिक कामगारांना वगळणारी तरतूदही रद्द झाली. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ या शब्दाऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द योजण्यात आला आणि उपचारांचा प्रत्यक्ष खर्च देण्याची जबाबदारी मालकावर आली.

हा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. जुन्या कायद्याचा सांगाडा संहितेत बहुतांशी कायम आहे. आयुक्ताऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला आहे. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते व त्या दिवशी अंमलात असलेले दरच तिला लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेले असल्याने संहितेपूर्वीच्या अपघातांचे दावे जुन्या दरांनीच ठरतात.

मालकाची जबाबदारी : भरपाई मिळण्यास दोन गोष्टी आवश्यक असतात. अपघात नोकरीच्या ओघात, म्हणजे कामाच्या वेळी व ठिकाणी घडलेला असावा आणि तो नोकरीमुळे, म्हणजे त्या कामाशी कार्यकारणसंबंध असलेला असावा. या दोहोंतील भेद मुंबई बंदराशी संबंधित एका खटल्यात स्पष्ट झाला. इराणच्या आखातातून जाणाऱ्या ‘द्वारका’ या जहाजावरील एक खलाशी डिसेंबर १९६१ मध्ये बेपत्ता झाला. तो नोकरीच्या ओघात होता याविषयी वाद नव्हता. परंतु त्याचा मृत्यू अपघाताने व नोकरीमुळे झाला असा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दावा अमान्य केला. प्रत्यक्ष साक्षीदार नसला, तरी परिस्थितीवरून अनुमान काढता येते. मात्र अनुमानास आधार लागतो व तो पुरविण्याची जबाबदारी दावेदारावर असते, हे या निर्णयाने अधोरेखित केले.

कामगाराचा निष्काळजीपणा हा बचाव होऊ शकत नाही. इजेच्या वेळी कामगार मद्य वा अन्य मादक पदार्थाच्या अंमलाखाली असणे, सुरक्षिततेसाठी दिलेल्या आदेशाचा त्याने जाणूनबुजून भंग करणे किंवा सुरक्षिततेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, या तीन बाबतींत मालक जबाबदारी नाकारू शकतो. परंतु मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास हे बचावही चालत नाहीत. तीन दिवसांहून अधिक काळ अपंगत्व न आणणारी इजा भरपाईस पात्र नसते.

मालकाने आपल्या धंद्यातील काम कंत्राटदाराकडे सोपविले असले, तरी कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. भरपाई दिल्यावर मालक ती कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. गिरण्या बंद पडल्यानंतर त्यांच्या जमिनींवर जी बांधकामे परळ-लालबाग भागात झाली, त्यांसारख्या कामांत एकाखाली एक असे अनेक कंत्राटदार असतात. तेथे ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

कामावर जाता-येता होणारे अपघात : कामगार कारखान्याच्या दाराबाहेर पडला की नोकरीचा ओघ संपतो, असा सामान्य नियम होता. त्याला न्यायालयांनी ‘काल्पनिक विस्तारा’च्या तत्त्वाने मुरड घातली. मुंबईतील बी. ई. एस. टी. उपक्रमाचा एक बसचालक २० जुलै १९५७ रोजी काम संपवून जोगेश्वरी आगारातून उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझ येथील घरी निघाला असता बसला अपघात झाला व त्यात त्याचा मृत्यू झाला. बसमधून विनामूल्य प्रवासाची सोय ही नोकरीचाच भाग असून एवढ्या विस्तृत शहरातील वाहतूकसेवेच्या कार्यक्षमतेसाठी ती आवश्यक आहे. म्हणून हा प्रवासही नोकरीच्या ओघातील होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने दिला. याउलट, सायकलने कामावर जात असता कारखान्यापासून एक किलोमीटरवर जखमी झालेल्या कामगाराचा दावा त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये फेटाळला.

पुढे २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियमात दुरुस्ती होऊन घर व कामाचे ठिकाण यांमधील प्रवासातील अपघात, त्याचा वेळ, स्थळ व परिस्थिती यांच्या दृष्टीने नोकरीशी संबंध असल्यास, नोकरीतील अपघात मानला जाऊ लागला. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने जात असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर मृत्यू पावला होता. त्याच्या कुटुंबाचा दावा उच्च न्यायालयाने अमान्य केला. परंतु २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून हेच तत्त्व १९२३ च्या अधिनियमासही लागू केले. संहितेतही प्रवासातील अपघातांची अशीच तरतूद आहे.

व्यवसायजन्य रोग : विशिष्ट उद्योगातील कामामुळे जडणारे रोग कायद्याच्या परिशिष्टात नमूद केलेले असतात. शिसे, पारा, आर्सेनिक इत्यादींची विषबाधा, सिलिकायुक्त धुळीमुळे होणारे फुप्फुसांचे विकार, क्ष-किरणांचे दुष्परिणाम ही त्यांची उदाहरणे होत. ठरावीक मुदतीच्या सेवेनंतर असा रोग जडल्यास तो अपघाताने झालेली इजाच मानला जातो. कापूस, ताग, अंबाडी इत्यादींच्या धुळीमुळे होणारा श्वसनविकार (बिसिनोसिस) या परिशिष्टात आहे. गिरणीतील कापूस सुटा करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत या धुळीचे प्रमाण सर्वाधिक असते. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे आरंभीचे लक्षण होय. दमा, धूम्रपानाचा खोकला किंवा क्षय समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. यंत्रात गेलेला हात सर्वांना दिसतो, धुळीने गेलेला श्वास दिसत नाही. म्हणून या रोगांचे दावे अपघातांच्या मानाने सिद्ध करण्यास कठीण असतात. रुग्ण कोणत्या खात्यात किती वर्षे होता, याची नोंद वैद्यकीय तपासणीइतकीच महत्त्वाची ठरते.

भरपाईची आकारणी : भरपाईचे चार प्रकार पडतात. (१) मृत्यू : मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून येणारी रक्कम. (२) कायमचे पूर्ण अपंगत्व : मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेस त्याच गुणकाने गुणून येणारी रक्कम. या दोन्ही बाबतींत शासनाने ठरविलेल्या किमान रकमेहून भरपाई कमी असू शकत नाही. (३) कायमचे अंशतः अपंगत्व : परिशिष्टात दिलेल्या कमाईच्या क्षमतेतील घटीच्या टक्केवारीनुसार, पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा तेवढा भाग. परिशिष्टात नसलेल्या इजेबाबत ही घट अर्हताप्राप्त वैद्य ठरवितो. (४) तात्पुरते अपंगत्व : मासिक वेतनाच्या २५ टक्के इतकी रक्कम दर पंधरवड्यास, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत.

गुणक वय वाढेल तसा घटत जातो. सोळा वर्षांपर्यंत तो २२८.५४, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९ आणि पासष्ट व त्यापुढे ९९.३७ असतो. आकारणीसाठी जमेस धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये केंद्र शासनाच्या अधिसूचनेने ८,००० रु. वरून १५,००० रु. करण्यात आली. उदा., चाळीस वर्षे वयाच्या कामगाराचे मासिक वेतन १५,००० रु. धरल्यास मृत्यूबद्दल ७,५०० × १८४.१७ म्हणजे १३,८१,२७५ रु. आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ९,००० × १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० रु. इतकी भरपाई होते. अंगठा पूर्ण गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरली जाते. तेव्हा त्याच कामगारास ४,९७,२५९ रु. मिळतात. तर्जनी पूर्ण गेल्यास घट १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के आणि पूर्ण हात मनगटापासून गेल्यास ६० टक्के मानली जाते.

या टक्केवारीत शरीराची हानी मोजलेली नसून कमाईच्या क्षमतेची हानी मोजलेली असते, हे लक्षात घेतले पाहिजे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला असता, एका हाताने सुतारकाम करणे शक्य नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे नष्ट झाली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस ठरविले. तुटलेला धागा चुटकीसरशी सांधणाऱ्या विणकराच्या दृष्टीने अंगठा व तर्जनी यांचे मोल इतर धंद्यांतील माणसाहून वेगळे असते, हे यावरून ध्यानात येईल.

दाव्याची कार्यपद्धती : अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर मालकास द्यावी लागते. तीत जखमी व्यक्तीचे नाव व पत्ता, इजेचे कारण आणि दिनांक साध्या भाषेत नमूद केलेले असावेत. अपघात मालकास अन्य मार्गाने कळलेला असल्यास किंवा मृत्यू कामाच्या जागीच घडलेला असल्यास केवळ सूचनेच्या अभावी दावा फेटाळला जात नाही. सूचना मिळाल्यावर मालकाने विनामूल्य वैद्यकीय तपासणीची तयारी दर्शविल्यास कामगाराने ती करून घेणे आवश्यक असते.

मालकाने भरपाई देय होताच द्यावयाची असते. रकमेविषयी वाद असल्यास जेवढी जबाबदारी त्यास मान्य असेल, तेवढी रक्कम त्याने आधी द्यावी लागते. एक महिन्यात भरपाई न दिल्यास तीवर १२ टक्के व्याज आणि, विलंबास समर्थनीय कारण नसल्यास, मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आकारता येतो. मृत्यूबद्दलची भरपाई परस्पर कुटुंबाच्या हाती देता येत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते व तो तिची अवलंबितांमध्ये वाटणी करतो. अज्ञान मुलांच्या हिताच्या दृष्टीने तो रक्कम गुंतवूनही ठेवू शकतो. मालक व कामगार यांच्यात ठराविक रकमेबाबत समझोता झाल्यास त्याची प्राधिकाऱ्याकडे नोंद व्हावी लागते. रक्कम अपुरी अथवा संमती दडपणाने घेतलेली आढळल्यास नोंद नाकारता येते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो. रुग्णालयातील खाटेवर थोड्या रोख रकमेच्या बदल्यात कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर घेतलेला अंगठा कामगाराचा हक्क संपवू शकत नाही, असा या तरतुदींचा व्यावहारिक अर्थ आहे.

समझोता न झाल्यास अपघातापासून वा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण असल्यास विलंब क्षमापित करता येतो. पूर्वी अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या आयुक्ताकडेच करावा लागे. मुंबईच्या गिरण्यांतील बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. जिल्ह्यांतले असून त्यांची कुटुंबे गावी असत. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर विधवेला दाव्याच्या प्रत्येक तारखेला मुंबई गाठणे दुरापास्त होई. १९९५ च्या दुरुस्तीने दावेदार जेथे राहतो, तेथील आयुक्ताकडेही अर्ज करण्याची मुभा मिळाली. महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर उच्च न्यायालयाकडे साठ दिवसांत अपील करता येते. मात्र मालकाने अपील करावयाचे असल्यास आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते. त्याच इजेबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावण्याचा मार्गही कामगारास मोकळा असतो. परंतु दोन्ही मार्गांचा अवलंब करता येत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना : मालकावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या भरपाईतील एक मोठी उणीव अशी, की मालक दिवाळखोर झाला किंवा धंदा बंद करून गेला, तर निवाडा कागदावरच राहतो. यावर सामाजिक विमा हा उपाय होय. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ मधील अहवालाच्या आधारे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियम संमत झाला. योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे आणि मुंबईत १९५४ मध्ये झाला. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेखालील असून गिरणगावातील कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे उपचार घेतले आहेत.

या योजनेत मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहतो. विमेदार कामगारास तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो. कायमच्या अपंगत्वाबद्दल वैद्यकीय मंडळाने ठरविलेल्या प्रमाणात हयातभर आणि मृत्यूनंतर अवलंबितांना मासिक रक्कम दिली जाते. नोकरीच्या ओघात झालेला अपघात, विरुद्ध पुरावा नसल्यास, नोकरीमुळेच झाला असे येथे गृहीत धरले जाते. या योजनेखाली येणाऱ्या कामगारास मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. १ जानेवारी २०१७ पासून पात्रतेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रु. करण्यात आली. एकरकमी भरपाई कर्जफेडीत वा सावकाराच्या हाती जाण्याची भीती असते. मासिक लाभामुळे ती बऱ्याच अंशी टळते. जखमी माणसास पुन्हा कामास लावणे हा भरपाईइतकाच महत्त्वाचा भाग असून, त्या दृष्टीने हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेचे कृत्रिम अवयव व व्यवसायोपचार यांबाबतचे कार्य उल्लेखनीय आहे.

मूल्यमापन : या कायद्याचा लाभ मिळण्यात सर्वांत मोठी अडचण आकारणीची नसून पुराव्याची आहे. गिरणीत कायम कामगाराचे नाव हजेरीपटावर असे; परंतु रोज सकाळी दारावर उभे राहून काम मिळविणाऱ्या बदली कामगाराचे स्थान तितके पक्के नसे. १९८२ च्या दीर्घ संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद होत गेल्या आणि या भागातील रोजगार लहान कारखाने, बांधकामे, मालवाहतूक व सेवाव्यवसाय यांकडे वळला. तेथे नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी वा हजेरीपत्रक यांपैकी काहीच नसण्याचा संभव असतो. अशा वेळी मालक अपघात नाकारीत नाही. तो नोकरीच नाकारतो. मग दावेदारास प्रथम आपण कामगार होतो हेच सिद्ध करावे लागते. अपघाताच्या दिवशी रुग्णालयाच्या कागदांवर इजेचे खरे कारण व ठिकाण लिहून घेणे, पोलिसांकडील नोंदीची प्रत मिळविणे, बँकेत जमा झालेल्या पगाराचा उतारा, ओळखपत्र व सोबत्यांची नावे जपून ठेवणे यांवर पुढील दाव्याचे भवितव्य बहुधा अवलंबून असते. इजा ‘घरी पडल्यामुळे’ झाली अशी पहिल्या दिवशी झालेली नोंद नंतर पुसून टाकणे फार कठीण जाते.

भ्रमणध्वनीवरील मागणीनुसार माल वा अन्न पोहोचविणाऱ्यांचा एक नवा वर्ग अलीकडे निर्माण झाला आहे. कंपन्या त्यांस कर्मचारी न मानता भागीदार म्हणतात. संहितेने या वर्गाची प्रथमच दखल घेऊन त्याच्यासाठी अपघात विम्यासह निरनिराळ्या योजना करण्याची तरतूद केली आहे. परंतु भरपाईचे प्रकरण कर्मचाऱ्यांपुरतेच असल्याने योजनेवर विसंबणे व हक्क असणे यांतील अंतर येथे कायम राहते. १८८४ च्या निवेदनातील मागणीचे दोन भाग होते : बरा होईपर्यंत पगार आणि जन्माच्या अपंगास चरितार्थ. संघटित उद्योगातील विमेदार कामगाराच्या बाबतीत त्या दोहोंची बऱ्याच प्रमाणात पूर्ती झाली आहे. ज्याच्या नोकरीची कोठेच नोंद नाही, त्याच्या बाबतीत ती मागणी आजही मागणीच आहे.